होहॉफबाईंनी पुस्तक घडवलं की मोडलं?

तिरकस: 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लिहिणारी अमेरिकन लेखिका हार्पर ली नवखी, तिची संपादिका टे होहॉफ साठीला टेकलेली. बाईंनी अडीच वर्षं तेच तेच लिहून घेतलं आणि धारदार कादंबरीची शाळेत लावण्याजोगी गोष्ट केली. याला मार्गदर्शन म्हणायचं?

खोडरबर: हे वाचून गप्प बसवेना. 1957 साली लिपिंकॉट या प्रकाशनसंस्थेकडे आलेल्या हस्तलिखितात 26 वर्षांची जीन लुईस न्यूयॉर्कहून गावी येते. निवेदन तृतीयपुरुषी, बालपण आठवणींपुरतं. हे सुटे किस्से आहेत, असं होहॉफचं म्हणणं. तेच हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' नावानं 2015 मध्ये छापून आलंय, वाचून बघा. त्यात एका कृष्णवर्णीय माणसावरचा खटला ओझरता येतो आणि आरोपी सुटतो. 'मॉकिंगबर्ड'मध्ये तोच खटला कणा झाला आणि आरोपी दोषी ठरला. निकाल फिरवला की साक्षी, शेजारी, पोरांशी कोण काय बोलतं, सगळं फिरतं. त्यात निवेदन लहानग्या जीन लुईसच्या 'मी'त आणलं, म्हणजे तिला दिसू-ऐकू येणार नाही ते कापायचं, नाहीतर तिला तिथे हजर करायचं. कोर्टात मुलं वरच्या सज्जात बसतात ती उगाच नाही. अडीच वर्षं कमीच.

तिरकस: कारागिरी समजली. पण 'वॉचमन'मधला ॲटिकस, म्हणजे जीन लुईसचा बाप, वर्णभेदवाद्यांच्या सभेत बसतो. बापलेकीचं ते भांडण हाच पुस्तकाचा जीव होता. तो काढून देवमाणूस बसवला.

वेलांटी: बाईंनी वाचलं तरी! आपल्याकडे संपादन म्हणजे मुद्रितशोधन. नवी मुलगी कथा 'मी'त लिहिते, 'दार ढकललं'. छापून येतं 'ढकलले'. नियमानुसार पात्राच्या तोंडी अनुस्वार चालतो. इथे निवेदकच पात्र आहे, मग अख्खी कथाच तोंडची नाही का?

नियमबहाद्दर: आणि एकाच परिच्छेदात 'ठरवलं' नि 'ठरवले' शेजारी नांदतात, तेही शोधकानंच केलं का?

वेलांटी: म्हणून आधी अर्ध्या पानात ठरवून घ्यायचं: निवेदनाची रूपं कोणती, संवादाची कोणती, बोलीतले कुठले शब्द जसेच्या तसे. लेखिकेचा होकार घ्या, मगच शोधन. उलट केलंत तर तिसऱ्या प्रुफाला भांडणं ठरलेली. आणि जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेताना 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, ते तिच्या माथी मारू नका.

नियमबहाद्दर: ते दुरुस्त करायला सरसकट 'र्य'चं 'ऱ्य' करणारे महाभागही आहेत. 'सूर्य'चा 'सूऱ्य' होतो, 'कार्यालय'चं 'काऱ्यालय'. एकेक शब्द बघावा लागतो. पण तुम्हाला सगळा दोष शोधकाचाच दिसणार!

वेलांटी: सगळा नाही, पाऊण.

खोडरबर: विषय हार्पर लीचा होता, मंडळी.

तिरकस: बरं, कणा होहॉफमुळे मिळाला, घ्या. पण 1960 नंतर 55 वर्षं दुसरी कादंबरी नाही. बोट धरून चालवलं की असंच होतं.

खोडरबर: 1961 ला पुलित्झर, मागोमाग सिनेमा. त्या गोंगाटाचं खापर संपादिकेवर फोडताय. आणि 2015 ची कादंबरी लिहिली गेली आधीच. गावाच्या वर्णनातला काही मजकूर दोन्ही पुस्तकांत जवळपास शब्दशः सापडतो. बाईंनी काय काढायला लावलं ते मोजताय, तर काय राहू दिलं तेही मोजा.

नियमबहाद्दर: 'शब्दशः'ला विसर्ग दिलात, आभारी आहे.