पोर्ट फॉरवर्ड करूनही दुकानाचे कॅमेरे घरून दिसत नाहीत, मदत हवी आहे

हिशोबनीस
दुकानात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) बसवलाय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी डीव्हीआरकडे वळवली, तरी घरून मोबाईलवर चक्र फिरत राहतं. दुकानाच्या वायफायवर सगळं दिसतं. शिवाय संध्याकाळी ऐन गर्दीत बिलिंग अडकतं, आणि स्पीड टेस्ट तर १०० दाखवते! शुक्रवारी लग्नाला गावी निघायचंय. लवकर सांगा.

टिपकागद
राउटर कोणता? फायबर की केबल? १०० हा डाउनलोड की अपलोड? इथे कोणी ज्योतिषी नाही हो.

खडूस_आजोबा
आधी राउटर बंद करून चालू करा. आमची निम्मी दुखणी त्यानेच जातात.

हिशोबनीस
ते करून झालं. फायबर आहे. कंपनीचा पांढरा डबा, त्याला माझा काळा राउटर. चार अँटेना आहेत.

टिपकागद
अँटेना घेऊन काय करू? राउटरमध्ये लॉगिन करा, स्टेटसच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. पहिले दोनच आकडे इथे टाका, पूर्ण पत्ता नको.

चॅनेलवाला
वायफाय २.४ वर असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. ऑटोवर कधीच ठेवू नये. मी तर सगळं ५ गिगाहर्ट्झवर नेलं.

हिशोबनीस
बिलिंगचा पीसी वायरवर आहे. वॅन आयपी १९२.१६८.

टिपकागद
हा आतला, खाजगी पत्ता, म्हणजे डबल नॅट: डबा आणि राउटर दोघंही पत्ते बदलतायत. पोर्ट तुम्ही आतल्या राउटरमध्ये उघडलंत, पण बाहेरून येणारं आधी डब्यावर आपटतं. डबा ब्रिज मोडवर (नुसतं पुढे पाठवणारा, राउटरचं काम न करणारा) टाकून घ्या आणि पीपीपीओई लॉगिन (कंपनीचं नेट जोडायचं नाव-पासवर्ड) तुमच्या राउटरमध्ये भरा.

लाल_दिवा
पण पोर्ट उघडायला सांगताच कशाला? २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर फॅक्टरी पासवर्डवर धरले आणि त्यांच्याकडून मोठमोठ्या साइट पाडल्या. डीव्हीआरचा पासवर्ड बदला, यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडणारी सोय) बंद करा, राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन (घर ते दुकान खाजगी बोगदा) लावा. विषय संपला.

टिपकागद
वायरगार्डलाही बाहेरून पोर्ट लागतोच की. हिशोबनीस, आता कंपनीच्या डब्याचा वॅन आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सीजीनॅट. एकच पब्लिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. मग पोर्ट कितीही उघडा, शष्प उपयोग नाही.

चहाबाज
राउटरला छोटा यूपीएस कोणता घ्यावा? आमच्याकडे लाइट सारखी जाते.

खडूस_आजोबा
अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. स्वस्तातले घेऊ नका.

टिपकागद
वेगळा धागा काढा की राव.

मावळा_४०४
बिलिंगचं कुणीच बोलेना. डीव्हीआर क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवतो का? अपलोड भरला की बिलिंगच्या डेटाची पाकिटं रांगेत मागे पडतात. आत्ता आणि संध्याकाळी पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात) लावून बघा.

हिशोबनीस
हो, क्लाउड चालू आहे. दुपारी पिंग १२, संध्याकाळी ६०० च्या वर. अपलोड १० एमबीपीएस, १०० ते डाउनलोड होतं. कंपनी म्हणते ब्रिज मोडची सोय नाही. डब्याचा आयपी १००.७२.

मावळा_४०४
बफरब्लोट, म्हणजे भरलेल्या लाइनवर पाकिटांची लांबलेली रांग. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर चालू करा, अपलोडची मर्यादा ९ ठेवा. नसेल तर क्लाउडवर मेन-स्ट्रीमऐवजी हलकी सब-स्ट्रीम चढवा. चित्र थोडं धूसर होईल, बिलं सुटतील.

टिपकागद
आणि सीजीनॅट निघालंच. स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा कायमचा पब्लिक पत्ता) विकत घ्या, नाहीतर बिलिंगच्या पीसीवर आणि मोबाईलवर टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारा व्हीपीएन) टाका. पीसीवर सबनेट रूट (पीसीमधून दुकानाच्या नेटवर्कात जायची वाट) चालू केला की डीव्हीआर घरून दिसेल. केलेलं पोर्ट फॉरवर्ड काढून टाका.

लाल_दिवा
म्हणजे व्हीपीएनच. मी काय वेगळं सांगत होतो?

टिपकागद
तुम्ही राउटरवर सांगत होता.

हिशोबनीस
टेलस्केल टाकतो. पण पीसी रात्री बंद करून जातो, चालेल ना?

टिपकागद
मग रात्री बघणार काय?