मदत हवी आहे: कॅन्ससमधील जिप्सम हिल्सचा रस्ता आणि त्यावरची लाल माती

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली तीन वर्षे कॅन्सस राज्यातील विचिटा येथे राहत आहोत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझे आई-बाबा वाईहून येत आहेत. "तुमच्याकडे बघण्यासारखे काय आहे?" या बाबांच्या प्रश्नाला मी आजवर "गहू आणि आभाळ" एवढेच उत्तर देत आलो. हे उत्तर चुकीचे असल्याचे मला गेल्या एप्रिलमध्ये कळले.

विचिटाच्या नैर्ऋत्येला सुमारे दीड तासाच्या अंतरावर मेडिसिन लॉज नावाचे छोटे गाव आहे. तेथून कोल्डवॉटरपर्यंत जाणाऱ्या १६० क्रमांकाच्या महामार्गाचा ४२ मैलांचा पट्टा 'जिप्सम हिल्स' निसर्गमार्ग म्हणून ओळखला जातो. गाव मागे पडताच सपाट शेते संपतात आणि गवताळ माळातून विटकरी रंगाच्या, माथा सुरीने कापल्यासारख्या सपाट टेकड्या वर येतात. लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल झालेले हे थर पर्मियन काळातील, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या माथ्यावर जिप्समचा पांढरा थर टोपीसारखा बसलेला असल्यामुळे खालची मऊ माती झिजून गेली, तरी माथा टिकून राहतो. ज्यांनी उभे आयुष्य पाचगणीच्या टेबललँडच्या पायथ्याशी काढले, त्या बाबांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही, कारण तेथे हेच टोपीचे काम जांभा करतो. आईला मात्र मी एवढेच सांगणार आहे की गणपतीच्या मूर्तींचे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या दगडापासून होते, तोच हा दगड.

आता अडचण. मेडिसिन लॉजच्या पश्चिमेला तीन-चार मैलांवर मुख्य रस्ता सोडून दक्षिणेकडे एक कच्चा फेरा जातो आणि टेकड्यांच्या अगदी कुशीतून फिरून येतो. एप्रिलमध्ये मी एकटाच आमची साधी सेडान घेऊन त्यावर उतरलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पहिला मैल बरा गेला. मग मातीचा चिखल टायरला भाकरीच्या पिठासारखा चिकटू लागला, चाकांच्या वरच्या पोकळीत गच्च बसला आणि गाडी स्टिअरिंगचे ऐकेनाशी झाली. कसाबसा मागे वळलो. दोनदा धुऊनही पांढऱ्या गाडीच्या दारांच्या कडांना तो तांबूस रंग अजून आहे. उतरून चिखल खरवडताना हाताला अभ्रकासारखा चमकणारा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ एक तुकडा लागला. तो आज माझ्या टेबलावर आहे आणि पुन्हा तेथे जाण्याच्या ओढीला बहुधा तोच कारणीभूत असावा.

बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि आईला वळणांवर गाडी लागते. म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, सेडानने तो कच्चा फेरा करावा का, की डांबरी रस्त्यावरूनच पुरेसे दिसते? दोन्ही बाजूंना खासगी कुरणांची तारकुंपणे आहेत, तेव्हा निवांत थांबायचे कोठे? आणि रंग चांगले दिसावेत म्हणून सकाळी जावे की संध्याकाळी? आल्या वाटेने परतण्यापेक्षा कोल्डवॉटरहून पुढे काही करता येत असल्यास तेही सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी काही वर्षे प्रॅटजवळ राहिलो असल्यामुळे या रस्त्यावर अनेकदा गेलो आहे.

आपल्या प्रश्नांपैकी वेळेचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यावर बाकीचे ठरते. संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवल्यास सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि चालकाला रंग सोडाच, रस्ताही नीट दिसत नाही. सकाळी साडेसातला विचिटा सोडावे, म्हणजे नऊच्या सुमारास सूर्य पाठीशी आणि उजळलेल्या टेकड्या समोर असतात. कोल्डवॉटरहून १८३ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला ग्रीन्सबर्गला जावे आणि दुपारनंतर ५४ क्रमांकाच्या महामार्गाने प्रॅटमार्गे पूर्वेकडे परतावे. तेव्हाही सूर्य पाठीशीच राहील.

ग्रीन्सबर्ग टाळू नका. ४ मे २००७ च्या टॉर्नेडोत, म्हणजे जमिनीवर सोंडेसारख्या उतरणाऱ्या वावटळीत, हे गाव जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले आणि नंतर पर्यावरणाचा विचार करून पुन्हा उभारले गेले. तेथे १८८७-८८ मध्ये माणसांनी हाताने खोदलेली १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद विहीर आहे. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला ती नक्की रुचेल. आत उतरायला जिना आहे, पण बाबांनी वरून डोकावणेच बरे.

कच्च्या फेऱ्याबाबत माझा नियम असा, की मागच्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असल्यास तिकडे वळायचे नाही. कोरड्या दिवसांत सेडान सावकाश जाते. मात्र गुरे ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात आडव्या बसवलेल्या लोखंडी नळ्यांवर वेग अगदी कमी ठेवावा. कुंपण ओलांडून आत जाऊ नये. डांबरी रस्त्यालगत गाडी थांबवून देखावा पाहण्याची सोय आहे आणि आईंच्या दृष्टीने तेच सोयीचे, कारण मुख्य रस्त्यावर चढउतार असले तरी घाटासारखी वळणे नाहीत. ऑक्टोबर उत्तम. तेव्हा ब्लूस्टेम गवत तांब्याच्या रंगावर आलेले असते आणि वसंतातल्या गारपिटीची धास्तीही बरीच कमी असते. पेट्रोल मेडिसिन लॉजलाच भरून घ्यावे, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि शाकाहारी असल्यास डबा घरूनच न्यावा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सूर्य पाठीशी ठेवण्याचा विचार मला सुचलाच नव्हता. आता शनिवार ठरवण्याऐवजी सलग तीन कोरडे दिवस मिळाले, की चौथ्या दिवशी रजा टाकून निघायचे असे ठरवले आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आईने आधीच यादीत लिहिली आहे. विहिरीत जिना आहे, ही गोष्ट बाबांना तेथे पोहोचेपर्यंत सांगणार नाही.