मदत हवी आहे : मुलांची आबाळ मोजताना गरिबी वेगळी कशी काढायची?

वेगवेगळ्या देशांतल्या बालसंरक्षण योजनांची तुलना करायची आहे. नोंदलेल्या तक्रारींवर विसंबता येत नाही, कारण तक्रार देणं सक्तीचं झालं की अत्याचार तेवढेच असूनही आकडा चढतो. शिवाय अत्याचार कशाला म्हणायचं हेही देशागणिक बदलतं: स्वीडनमध्ये १९७९ पासून पालकांनी मारणंही बेकायदा आहे. अनेक देशांत अजून तेच शिस्त म्हणून खपतं. म्हणून मुलांनाच गेल्या वर्षभरातल्या मारहाण, आबाळ अशा अनुभवांबद्दल विचारणारी आयकास्ट (ICAST) ही आंतरराष्ट्रीय प्रश्नावली घ्यावी असं वाटतं.

खरी अडचण आबाळीच्या प्रश्नांची. ‘उपाशी राहावं लागलं का?’ याला ‘हो’ आलं तर पालकांनी दिलं नाही की घरात नव्हतंच, हे कळत नाही. यातला फरक चुकला की आधाराची गरज असलेलं कुटुंब दोषी ठरतं. ‘घरात असूनही दिलं नाही का?’ हा जोडप्रश्न कुणी वापरलाय का? लहान मुलांना तो समजतो का?

दुसरं, भारतात पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरचा लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवावंच लागतं. मग मुलाला गुप्ततेचं सरसकट आश्वासन देता येत नाही. ही मर्यादा मूल घाबरणार नाही अशा शब्दांत संमतिपत्रात कशी लिहिता? नमुना असेल तर कृपया द्या.