बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

सावंत काका ६०३: टाचेच्या दुखण्यावर कोणाला काही माहितीये का? सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की जीव जातो, जरा घरात चाललो की आपोआप बरं. उपवन तलावाचा चालायचा राउंड बंद करू का?

पाटील २०१: युरिक ॲसिड चेक करा काका

मीनल काकू ४०४: गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेका आणि टाइल्सवर अनवाणी फिरू नका

ऋता फिजिओ ७०२: काका बघितल्याशिवाय नक्की नाही सांगत, संध्याकाळी येऊन जाते, पण लक्षणं प्लांटर फॅशियाची वाटतायत. म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो ना तो, रात्रभर पाय सैल पडून आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो म्हणून ती कळ. पलंगावरून उतरायच्या आधीच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरा, असं १० वेळा. मग पोटरी, कारण ती आखडली की तळव्यावर जास्त ओढ येते. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, ३० सेकंद. नंतर तेच गुडघा थोडा वाकवून, कारण पोटरीतला आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणलाच जात नाही आणि हे निम्मे लोक सोडून देतात

सावंत काका ६०३: अगं मी करतो की रोज स्ट्रेचिंग, खाली वाकून चांगले जोरात झटके देतो

ऋता फिजिओ ७०२: अहो काका झटके नको!! अचानक ओढलं की स्नायू स्वतःला वाचवायला उलट आवळतो. हळू जायचं, श्वास चालू ठेवायचा, ताण जाणवला की तिथेच थांबायचं. आणि धीर धरा, कंडरा न् असले पट्टे यांना रक्तपुरवठा कमी म्हणून सुधारायला आठवडे नाही तर महिने लागतात

रोहन ५०१: ताई मी वर्षा मॅरेथॉनसाठी पळतोय, आधी मस्त स्ट्रेच करतो तरी दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात

ऋता फिजिओ ७०२: ते दुखणं स्ट्रेचने फारसं कमी होत नाही रे, खरं सांगते. उलट पळायच्या आधी एकच स्नायू मिनिटभराहून जास्त धरून ताणलास तर थोडा वेळ ताकद किंचित कमीच होते. आधी भरभर चाल, पाय पुढे-मागे झुलव. धरून ठेवायचे स्ट्रेच पळून आल्यावर, अंग गरम असताना

देशमुख ३०४: आम्ही दिवसभर खुर्चीत, जाताना-येताना सीएसएमटी लोकलमध्ये उभे, कंबर लाकूड झालीये

ऋता फिजिओ ७०२: बसून बसून खुब्याच्या पुढचा स्नायू आखडतो. एक गुडघा जमिनीवर टेकून कंबर हळू पुढे न्या, पण पाठ मागे वाकवू नका. आठवड्यातून २-३ दिवस तरी, रोज केलंत तर उत्तम. साठीच्या पुढच्यांनी ३० ते ६० सेकंद धरायचं. मीनल काकू, तुमची हाडं ठिसूळ आहेत ना, तुम्ही वाकून पायाचे अंगठे धरायच्या भानगडीत पडू नका हं

मीनल काकू ४०४: बरं झालं बाई सांगितलंस, योगा क्लासमध्ये सगळ्यांना तेच करायला लावतात

सावंत काका ६०३: भिंतीचाच प्रॉब्लेम आहे, हॉलला आत्ताच रंग दिलाय, ही हात लावू देणार नाही

सेक्रेटरी १०२: पॅसेजमधली भिंत वापरा काका. आणि सहाव्या मजल्यावाल्यांनी चपलांचे रॅक आत घ्या, किती वेळा सांगायचं