हातवाला ड्रोन डाळिंबाच्या बागेत कशाला? उंचावरच्या जीवघेण्या कामाला लावा

विजापूर रोडवाला
इस्रायलच्या टेवेल कंपनीचे ड्रोन सफरचंद तोडालेत ते व्हिडिओ सगळीकडं फिरालेत, आणि आपल्याकडं लगेच सुरू की हे डाळिंबाला आलं की मजुरांची कटकट मिटली. मला अजिबात पटत नाही. फवारणीचा ड्रोन कशाला शिवत नाही, वरून औषध सोडतो आणि पुढं जातो. हातवाला ड्रोन, म्हणजे यांत्रिक हात बसवलेला, तरंगता तरंगता फळ धरून ओढतो, मग झाडही त्याला तेवढ्याच जोरानं ओढणार, आणि पाय टेकायला जमीन नाही म्हणून सगळा भार पंख्यांवर. हात लांब केला की तोल पुढं जातो, त्या बाजूच्या मोटरा जास्त फिरवाव्या लागतात, फळ तुटलं की ताण एकदम सुटून ड्रोन उसळतो. एवढा खटाटोप कुठल्या झाडासाठी, जिथं माणूस उभ्यानं हात घालतो! त्यापेक्षा पाण्याच्या टाक्या, कारखान्यांच्या चिमण्या, जिथं माणूस दोरीवर लटकून पत्र्याची जाडी तपासतो, तिथं हा हात पाहिजे. स्वित्झर्लंडच्या व्होलिरो कंपनीचा ड्रोन पंखे तिरके करून अंग सरळ ठेवूनच भिंतीवर सेन्सर दाबून धरतो, साधा ड्रोन असं रेटायला गेला तर आधी सगळा वाकतो. आणि रिमोट माणसाच्याच हातात असावा.

सांगोल्याचा बागवाला
दादा, तुमच्या चिमण्यांवर चढणारी माणसं किती आणि आमच्याकडं माल तयार झाल्यावर लागणारी किती? सगळ्यांची तोडणी एकदमच येते, टोळी आज दुसऱ्याच्या बागेत, उद्या तिसऱ्याच्या, आणि भगवा जातीचा डाळिंब झाडावर जास्त दिवस राहिला की तडकतो, व्यापारी भाव पाडतो. वर काटे असे की बायकांचे हात रक्ताळतात. हे काम जीवघेणं नाही म्हणून यंत्र नको, हा कुठला न्याय?

रोपवाटिका_मोहोळ
बागवाले भाऊ, तुमची अडचण खरी आहे, पण ते टेवेलचे ड्रोन फळ चोखून धरतात आणि ओढून काढतात. सफरचंदाला चालतं. डाळिंबाचा देठ कात्रीनं कापावा लागतो, ओढलं तर देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच फळ सडायला लागतं. त्यात आपली झाडं झुडपासारखी दाट, फळं आतल्या बाजूला. आणि मला सगळ्यात काळजी तेल्या रोगाची आहे. तेल्याचे जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्यानं पसरतात, ओल्या बागेत झाडाशेजारी पंखे फिरवायचे म्हणजे रोग आपणच शेजारच्या झाडावर उडवायचा. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आधी त्यांच्या प्लॉटवर चाचणी व्हावी, मग शेतकऱ्यानं पैसे घालावेत असं मी म्हणते.

मेकॅनिकल फायनल इयर
धागाकर्त्यांचा रिमोटचा मुद्दा मला उलटा वाटतो. लांब उभा राहून स्क्रीनवर बघणाऱ्याला खोलीचा अंदाज येत नाही, व्हिडिओ थोडा उशिरा पोचतो, तेवढ्यात वाऱ्याचा झोत येऊन गेलेला असतो. तोल सांभाळणं कॉम्प्युटरच करतो, सेकंदाला शेकडो वेळा, माणसाच्या बोटांना ते जमणारच नाही. माणसानं फक्त कुठं धरायचं ते सांगावं. आणि बॅटरी लगेच संपते म्हणणाऱ्यांसाठी, टेवेलचे ड्रोन खालच्या गाडीला वायरीनं जोडलेले असतात, करंट तिथूनच मिळतो.

फवारणी पायलट बार्शी
पोरा, अभ्यास चांगला आहे तुझा, पण एप्रिलमध्ये ४२ डिग्रीत दुपारी ड्रोन घेऊन उभा राहा, बॅटरी हात लावायला नको अशी तापते. वायर लावली तर दाट बागेत अडकणार. आणि टाकीच्या कामाची हौस असलेल्यांनी नियम बघा: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगी घेतल्याशिवाय उडवता येत नाही. सोलापूरचा होटगी रोडचा विमानतळ शहराला लागूनच, त्यामुळं शहराचा बराच भाग त्यात येतो. म्हणजे प्रत्येक टाकीला अर्ज.

विजापूर रोडवाला
बार्शीकर, अर्ज करावा की, माणूस वरून पडण्यापेक्षा अर्ज बरा. फायनल इयर, कॉम्प्युटरनं तोल सांभाळायचा हे मान्यच आहे, मी म्हणतो ते थांबवायचं बटण आणि जबाबदारी कुणाकडं याबद्दल. वरून सेन्सर सुटून खाली कुणाला लागला तर दोष द्यायला तिथं एक नाव पाहिजे.

सांगोल्याचा बागवाला
मोहोळकर ताईंचं पटलं, तेल्यानं आमच्या शेजारी दोन बागा काढून टाकल्यात, त्यामुळं पंख्यांचा वारा नकोच. मग जमिनीवर चालणारं, कात्रीवालं यंत्र का नाही बनवत कुणी? झाड माझ्या डोक्याएवढं, उडायची गरजच काय.

मेकॅनिकल फायनल इयर
काका, पुढच्या महिन्यात प्रोजेक्टचा विषय द्यायचाय. तुमच्या बागेतल्या दोन ओळींतलं अंतर आणि फळं जमिनीपासून किती उंचीवर लागतात ते मोजून सांगाल का?