होडीतला दगड आणि घरातले वाद (अनुभव धागा)

कृष्णाकाठची

गेल्या रविवारी जेवताना भाचीने एक प्रश्न विचारला आणि आम्ही चार मोठी माणसे अर्धा तास ताटावर हात वाळवत बसलो. विहिरीत एक होडी आहे, होडीत एक माणूस आणि एक मोठा दगड आहे. त्या माणसाने दगड उचलून पाण्यात टाकला, तर विहिरीतील पाण्याची पातळी चढेल, उतरेल की होती तेवढीच राहील? मला उत्तराआधी चाळीस वर्षांपूर्वीचे आमचे वाळवा तालुक्यातील गुऱ्हाळ आठवले, कारण हाच प्रश्न तेथे अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, यांच्यात दोन दिवस पेटला होता.

उसाचा चरक बिघडल्यामुळे रस उकळण्याची काहील रिकामी होती. तात्यांनी तीत पाणी भरले, पाण्यावर एक पातेली तरंगत ठेवली, पातेलीत दोन किलोचे लोखंडी माप ठेवले आणि थोड्या वेळाने ते उचलून पाण्यात सोडले. काहील इतकी पसरट की पातळीतील फरक डोळ्यांना दिसेना, त्यामुळे दोघांनीही आपापला विजय जाहीर करून टाकला. अखेर गूळ शिजवणारा गुळव्या पुढे आला. "रुंद भांड्यात कसं कळंल? बादली आणा," एवढेच तो म्हणाला. बादलीला आतून खडूची रेघ ओढून तोच प्रयोग केला, तेव्हा पाणी चांगले दोन बोटे खाली उतरले. माप पातेलीत तरंगत असते तेव्हा ते आपल्या वजनाइतके, म्हणजे दोन लिटर पाणी बाजूला सारते. तळाशी गेल्यावर मात्र ते केवळ आपल्या आकारमानाइतके, म्हणजे लोखंडाच्या बाबतीत पाव लिटरच्या आसपासच पाणी सारते.

अण्णांनी बादलीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बादलीचं खरं असंल, पण बादलीला झरे नसतात." त्यानंतर त्यांनी आजतागायत हार मानलेली नाही.

आपल्या घरीही असे वाद झाले असतील. ते कसे मिटले, किंवा का मिटले नाहीत, हे जरूर लिहावे.

स्टँडवरचा प्रवासी

हेलिकॉप्टर साताऱ्यावर नुसते हवेत उभे ठेवले, तर खालची पृथ्वी पूर्वेकडे सरकत जाईल आणि साडेतीन मिनिटांच्या आत दापोली पायांखाली येईल, असा माझ्या धाकट्या भावाचा सिद्धान्त होता. त्याचा हिशेब अचूक होता, कारण आपल्या अक्षांशावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग ताशी सुमारे १,५९० किलोमीटर भरतो. त्याने फक्त हेलिकॉप्टरलाही तोच वेग आधीपासून मिळालेला असतो, हे धरले नव्हते. मी त्याला धावत्या एसटीत नाणे वर उडवून दाखविले आणि ते दर वेळी माझ्याच हातात पडले. दुर्दैवाने शेवटची फेक खंबाटकी घाटाच्या वळणावर झाली, नाणे शेजारच्या मावशींच्या ओटीत गेले आणि भाऊ अजूनही तोच पुरावा मानतो.

अजिंक्यताऱ्याखाली

आमचा वाद सावलीचा. मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. साताऱ्यात हा दिवस मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण ऑगस्टात ढग सूर्य दिसू देतील तर शपथ. मे महिन्यातील त्या दिवशी मी सोसायटीतील मुले गोळा केली, गच्चीवर मुसळ उभे केले, ते सरळ आहे ना हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासले आणि बाराच्या ठोक्याला सर्वांना वाकून पाहण्यास सांगितले. सावली ठसठशीत दिसत होती. खालच्या मजल्यावरील निवृत्त काकांनी "वर्तमानपत्रातलं सगळं खरं नसतं" असे म्हणून छत्री उघडली आणि निम्मी मुले त्यांच्यामागून खाली गेली.

उरलेल्यांपैकी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "पण घड्याळातले बारा नेमके कुठले बारा?" तेव्हा माझे डोके ठिकाणावर आले. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, सातारा आहे ७४ अंशांवर, आणि सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात. म्हणजे आपली खरी मध्यान्ह घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा होते. साडेबाराच्या सुमारास मुसळाची सावली त्याच्या बुडाखाली गेली. मुले काकांना बोलावण्यासाठी धावली, परंतु काका जेवायला बसले होते, आणि त्यांचे जेवण आटोपेपर्यंत सावली दुसऱ्या बाजूला निघाली होती.

निवृत्त शिक्षक, तासगाव

तेवीस माणसे एकत्र आली, तर त्यांच्यातील किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता अर्ध्याहून किंचित अधिक असते, हे विधान मी एकदा आमच्या शिक्षक-खोलीत केले. आम्ही चोवीस जण होतो. एकाही सहकाऱ्याचा विश्वास बसला नाही, म्हणून सर्वांच्या चहाची पैज लागली आणि एकेकाने जन्मतारीख सांगण्यास सुरुवात केली. पहिले म्हणाले, "१ जून." दुसरे म्हणाले, "१ जून." पाचव्या माणसापर्यंत हशा इतका वाढला की शिपाई आत डोकावून गेला. चोवीसांपैकी सात जण १ जूनचे निघाले. ज्यांच्या आईवडिलांना तारीख ठाऊक नव्हती, त्या सर्वांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्याच दिवशी जन्माला घातले होते.

मी पैज जिंकली, असे माझे म्हणणे होते. शिवाय तारखा सर्व दिवसांवर सारख्या विखुरलेल्या नसतील, तर जुळणीची शक्यता वाढतेच, हेही मी सांगितले. विरोधी पक्षाने मात्र १ जूनवाल्या सातही जणांना बाद ठरविले. उरलेल्या सतरा जणांत जुळणी होण्याची शक्यता एक तृतीयांशाहूनही कमी होती, आणि ती झाली नाही. चहाचे पैसे मी दिले.

आठपाडीकर

सर, आमच्या घरी आजोबा, दोन चुलते आणि एक मावसआजोबा असे चौघे १ जूनचे आहेत. आपल्या शिक्षक-खोलीत ते असते, तर आपण आणखी चार चहा हरला असता.

गावभागातून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर तीन कुटुंबे होती. वीज नव्हती, रेडिओवर धरणांतील विसर्गाचे आकडे ऐकू येत आणि त्यांच्या अर्थावरून भांडणे होत. शेजारच्या काकांचे म्हणणे असे की एक लाख क्युसेक म्हणजे एक लाख घनफूट पाणी, ते एकदा येऊन निघून जाईल. माझ्या नववीतल्या मुलीने दिनदर्शिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला: क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणून एक लाख क्युसेकने दहा हजार सेकंदांत शंभर कोटी घनफूट, म्हणजेच एक टीएमसी पाणी सुटते. दहा हजार सेकंद म्हणजे पावणेतीन तास. पूर्ण दिवस तोच विसर्ग राहिला, तर आकडा ८.६४ टीएमसीवर जातो.

काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: "एका टीएमसीला पुलाजवळ किती फूट चढतं?" याचे ठरावीक उत्तर नाही, हे आम्हाला त्या रात्री बोलता बोलता उमगले. नदी पात्रात असते तोवर थोड्या पाण्यानेही फूट लवकर चढतो. ती पात्र सोडून काठच्या मळीच्या शेतांत आणि मग गल्ल्यांत शिरली की तेवढेच पाणी दूरवर पसरते आणि पातळी इंचाइंचाने वाढते. आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, त्यामुळे हे आम्हाला गणिताने पटवून देण्याची गरज उरली नाही. दिनदर्शिकेचे ते पान मी अद्याप जपून ठेवले आहे.

हरिपूर रस्ता

आमच्या दहा पायऱ्या बुडाल्या होत्या. अधिक लिहवत नाही.

स्ट्रॉबेरीचा मळा

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ हिवाळ्यात दवबिंदू गोठतात, पण त्याच पहाटे हवेचे तापमान चार-पाच अंश असल्याचे सांगितले जाते. सासऱ्यांच्या मते तापमापक बिघडलेला असतो. दिरांच्या मते छायाचित्रे काढण्यासाठी कोणीतरी बर्फाचा चुरा टाकतो. आम्ही एक तापमापक छातीच्या उंचीवर टांगला आणि दुसरा जीपच्या टपावर आडवा ठेवला. पहाटे टांगलेला चार अंश दाखवीत होता आणि टपावरचा शून्याच्या खाली गेला होता. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत, पाने आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. सासऱ्यांनी दोन्ही तापमापकांची जागा बदलून पुन्हा मोजण्यास लावले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

कंदी पेढा

तीन पुडे, एकात पेढा, दोन रिकामे. वहिनींनी एक पुडा निवडायचा. मग पेढा कोठे आहे हे जाणणारा मी उरलेल्या दोहोंतील रिकामा पुडा उघडून दाखवायचा. निवड बदलावी का? वहिनींचे मत ठाम होते की आता दोनच पुडे उरले, म्हणजे निम्मी निम्मी शक्यता. तीस डाव खेळलो, दर वेळी निवड बदलली, एकवीस वेळा पेढा मिळाला. पहिली निवड तीनपैकी एकदाच बरोबर असते, म्हणून बदलणारा तीनपैकी दोनदा जिंकतो. त्यावर वहिनींनी विचारले, "आणि भावजी, पेढा कुठे आहे हे तुम्हालाच ठाऊक नसतं आणि तुम्ही उघडलेला पुडा योगायोगाने रिकामा निघाला असता, तर?" तसे असते, तर शक्यता खरोखरच निम्मी झाली असती. हे मला कळण्यास आठवडा लागला, आणि तोवर पेढे संपले होते.

विहीर खोदणारा, जत

कृष्णाकाठच्या ताई, आपल्या अण्णांच्या बाजूने कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. विहिरीतील पाणी भोवतालच्या खडकातील पाण्याशी समतोल साधून असते. दगड टाकल्यावर पातळी उतरेल हे खरे, पण ती उतरताच भेगांमधून पाणी आत येऊ लागेल आणि समतोल पुन्हा होईपर्यंत येत राहील. झरे चांगले असतील, तर काही तासांनी पातळी जेथे होती तेथेच आलेली दिसेल. तात्यांचे उत्तर त्या क्षणाचे आहे आणि अण्णांचे दुसऱ्या दिवशी सकाळचे.

कृष्णाकाठची

आपला प्रतिसाद अण्णांना दोनदा वाचून दाखविला. त्यांनी चष्मा काढून पुसला. तात्या आता नाहीत, म्हणून त्यांनी तात्यांच्या मुलाला फोन लावायला सांगितले आणि नमस्कार-चमत्कार न करता एवढेच म्हणाले, "विहिरीला झरे असतात, लिहून घे."