पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला मला मान्य नाही

आलापल्लीचा प्रवासी

घाटंजीच्या ‘कपाशीवाला’ भाऊंनी परवा लिहिले की, दूरच्या प्रवासात मोटरसायकल सुरू झाली नाही तर प्लग काढून पुसावा, टाकी हलवून पाहावी आणि तरीही जमले नाही तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का मारावा. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा कंपनीने आपल्याला सर्व्हिस सेंटरच्या दारात ओढण्यासाठीच लावलेला असतो, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावून निर्धास्त निघावे, असेही त्यांनी सांगितले. त्यावर अनेकांनी शाबासकी दिलेली पाहून मला राहवले नाही.

आलापल्ली ते सिरोंचा हा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता आहे, आणि त्यात कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. अशा रस्त्यावर चुकीचा सल्ला माणसाला रात्रभर जंगलात बसवतो. गेल्या पावसाळ्यात माझा मेहुणा भामरागडच्या बाजूने परतत होता. नाल्याच्या पाण्यात त्याची गाडी मध्येच बंद पडली. सोबतच्या दोघांनी जुन्या सवयीप्रमाणे ती बाहेर काढून लगेच धक्का मारला. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेले होते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. गाडी टेम्पोत टाकून आणावी लागली आणि अख्खे इंजिन उघडावे लागले. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे बटण दाबू नये आणि तिला धक्काही मारू नये. आधी प्लग काढून इंजिन काही वेळा फिरवावे, म्हणजे आतले पाणी प्लगच्या भोकातून बाहेर फेकले जाते. मग ऑइल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर गाडी अजिबात सुरू करू नये.

धक्क्याची दुसरी गोष्ट अशी की, जुन्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा विजेशिवाय मिसळणाऱ्या, पुष्कळ गाड्यांत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटकडून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून, येत असे, म्हणून बॅटरी पूर्ण मेली तरी त्या धक्क्याने सुरू होत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, आणि आता बहुतेक गाड्यांना इंजेक्शन, म्हणजे विजेवर पेट्रोल फवारणारी रचना, आहे. त्यांचा पेट्रोल पंप टाकीत असतो आणि तो विजेवर चालतो. बॅटरीत थोडा जीव असेल तर धक्क्याने काम होते. ती पूर्ण उतरली असेल तर पंपच फिरत नाही आणि तीन माणसे घामाघूम होतात. म्हणून आधी चावी फिरवून टाकीजवळ कान लावावा. दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज आला तर पंपाला वीज मिळते आहे. आवाज नसेल तर किल स्विच, म्हणजे हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण, आणि फ्यूज पाहावा. आवाज आहे पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, तेव्हा स्टँडचा स्विच, न्यूट्रल आणि क्लचचा स्विच तपासावा. नुसते टक् टक् वाजत असेल तर बॅटरी किंवा तिची सैल टर्मिनल. गाडी आडवी पडून उचललेली असेल तर चावी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी, कारण गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर कित्येक गाड्यांत असतो. यातल्या बहुतेक गोष्टींना हत्यार लागत नाही, आणि प्लग पुसण्याआधी या सगळ्याला पाच मिनिटे पुरतात.

कपाशीवाला, घाटंजी

प्रवासी भाऊ, आपण फार शिकवले, पण मी बावीस वर्षे गाडी चालवतो आणि ती शेतातल्या पांदण रस्त्यावर चालवतो, डांबरावर नाही. माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला तेव्हा मी आपल्यासारखाच भ्यायलो आणि सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी संगणक लावला, सेन्सर खराब आहे म्हणाले आणि बदलला. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. त्यांनी दुसरा सेन्सर बदलला. दिवा तिसऱ्यांदा लागला. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि दोन सेन्सरची किंमत मिळून एका फवारणीचे पैसे गेले. शेवटी गावातल्या पोराने टाकी उचलली, तेव्हा गोठ्यातल्या उंदराने वायर कुरतडलेली दिसली. त्याने ती जोडली आणि दिवा गेला. मग त्या दिव्याला मी का मानावे?

आणि धक्क्याबद्दल एवढेच सांगतो की, माझ्या वडिलांना रात्री दोन वाजता यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा बटणाने गाडी सुरू झाली नव्हती, धक्क्यानेच झाली होती. ते आज जिवंत आहेत. आपल्या नियमांनी मी त्या रात्री कान लावून पंपाचा आवाज ऐकत बसलो असतो.

मिस्त्री, पांढरकवडा

दोघांचेही वाचले. कपाशीवाले भाऊ, तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या जागी चालला आहे. तुमचा दिवा खोटे बोलला नव्हता. वायर तुटलेली होती, आणि दिवा तेच सांगत होता. संगणक लावल्यावर दिसतो तो बिघाडाचा कोड सुट्या भागाचे नाव सांगत नाही, तो सर्किट सांगतो. सेन्सर, त्याचा कनेक्टर, दोन्हीकडची वायर आणि अर्थिंगची तार, एवढ्यांपैकी कुठेतरी दोष आहे इतकाच त्याचा अर्थ असतो. ज्याने वायर न तपासता सेन्सर बदलला, दोष त्याचा आहे.

रंगाचेही लक्षात ठेवा. लाल म्हणजे थांबा. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीवर लागला तर पुढचे गाव दोन किलोमीटरवर असले तरी इंजिन तिथेच बंद करा. तापमानाचा दिवा लागला तर सावलीत उभे राहा आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीचा आवाज, ओढ व धूर नेहमीसारखा असेल तर हळूहळू घरी जाता येते. मात्र गाडी झटके देत असेल तर जाऊ नका. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी चालू लागली की विझतो. तो विझला नाही तर साधे ब्रेक चालतात, फक्त एबीएस मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात यातले निम्मे दिवे काळ्या मातीमुळे लागतात, कारण चाकाजवळच्या दात्यांच्या रिंगमध्ये आणि सेन्सरवर चिखल थापला जातो. पाण्याने धुऊन बघितल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका.

पण मला खरे बोलायचे आहे ते वेगळेच. हा कोड वाचायचे यंत्र माझ्याकडे का नाही? बीएस-६ गाड्यांना सहा पिनांचा सॉकेट आहे; मोटारींचे सोळा पिनांचे स्कॅनर जोडायला जोडतार मिळते; पण कंपनीची सगळी माहिती त्यात उघडत नाही. काही गाड्या दिव्याच्या लुकलुकण्यातून कोड सांगतात, पण लांब आणि आखूड लुकलुकण्याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि ते मॅन्युअल आम्हाला मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचे क्षेत्रही घेतले. ते माझ्या गॅरेजपर्यंत पोचलेले नाही. शेतकऱ्याने पन्नास-साठ किलोमीटर गाडी ओढत न्यायची आणि तिथे आठवड्यानंतरची तारीख घ्यायची, ही कुठली सेवा झाली?

गुरुजी, धारणी

मिस्त्री भाऊंची व्यथा मी समजू शकतो, पण स्कॅनर हाती आला की सगळे सुधारेल, हे मला पटत नाही. ज्यांना हत्यार मिळते ते प्रत्येक जण ते जबाबदारीने वापरतीलच असे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची गाडी वारंवार बंद पडत होती. गॅरेजवाल्याने साइड स्टँडच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या आणि गाडी दुरुस्त झाली असे सांगितले. दोन महिन्यांनी हा मुलगा परतवाड्याहून सेमाडोहमार्गे येताना स्टँड खाली ठेवूनच निघाला. डाव्या वळणावर गाडी झुकली तेव्हा स्टँड रस्त्याला टेकला आणि तो कठड्याशी जाऊन आदळला. त्याच्या पायात सळई आहे. त्या स्विचमध्ये फक्त चिखल गेला होता आणि तो पाण्याने निघाला असता. फ्यूजच्या जागी चमकीचा कागद लावणारे, इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढणारे आणि त्यामुळे व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, जळाला की कंपनीला दोष देणारे लोकही मी पाहिले आहेत. अशांच्या हाती आणखी एक यंत्र देऊन काय साधेल?

मिस्त्री, पांढरकवडा

गुरुजी, एका गॅरेजवाल्याच्या पापासाठी तुम्ही आम्हा सगळ्यांना फासावर देता आहात. माझ्या गॅरेजमध्ये मी एकही स्विच असा जोडून दिलेला नाही, आणि गिऱ्हाइकाने मागितला तरी देत नाही. उलट माझा प्रश्न असा आहे की, त्या गॅरेजवाल्याने तारा का जोडल्या? त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि गाडी कुठे अडते आहे ते दाखवणारे यंत्रही त्याच्याकडे नव्हते. माहिती दाबून ठेवली की माणूस अंदाजाने काम करतो. तुम्ही मुलांना पुस्तक देण्याआधी त्यांची परीक्षा घेता का?

गुरुजी, धारणी

पुस्तकाने कोणाचा पाय मोडत नाही, मिस्त्री भाऊ. परीक्षेचे म्हणाल तर होय, इथे मी आधी परीक्षाच मागेन. आयटीआयमध्ये पंधरवड्याचा वर्ग ठेवा, उत्तीर्ण झालेल्याला प्रमाणपत्र द्या आणि मग कंपन्यांना मॅन्युअल द्यायला भाग पाडा. या क्रमाने होत असेल तर मी तुमच्या बाजूने सही करेन. क्रम उलटा असेल तर करणार नाही.

आरोग्यसेविका, एटापल्ली

आपण सर्वजण गाडीबद्दल बोलता आहात, पण गाडीवर बसलेल्या माणसाची निकड वेगवेगळी असते. मला लसीचा डबा घेऊन पाड्यावर ठरलेल्या वेळी पोचावे लागते. माझ्या गाडीला किक नाही. घेताना दुकानदाराने सांगितले की, आता किकची गरज राहिलेली नाही. थंडीत एका सकाळी बॅटरीने दगा दिला आणि मी एकटी बाई त्या चढावर गाडी ढकलू शकले नाही. कपाशीवाले दादा म्हणतात तसा धक्का मारायला दोन पुरुष प्रत्येक ठिकाणी उभे नसतात. प्रवासी भाऊंची कान लावण्याची युक्ती मला उपयोगी वाटली, पण बॅटरी मेलेलीच आहे हे कळल्यावर पुढे काय करायचे ते त्यांनी लिहिले नाही. किक काढून टाकण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी एटापल्लीचा रस्ता पाहिलेला नाही.

आलापल्लीचा प्रवासी

ताई, आपली तक्रार योग्य आहे आणि माझ्या लिहिण्यात ती उणीव राहिली. बॅटरी मरण्याआधी दिवसेंदिवस सूचना देत असते, फक्त ती मोजावी लागते. साधा मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करावी. बटण दाबताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलेली आहे. गाडी सुरू करून रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवे. तेवढे दिसत नसेल तर दोष बहुधा बॅटरीचा नसून चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरचा किंवा मॅग्नेट कॉइलचा असतो, आणि अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही मरते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पाण्याच्या बॅटऱ्यांतले पाणी उडते. ती दर पंधरवड्याला पाहावी आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. वाटेत अडकलात तर चारचाकीच्या बॅटरीवरून तारा जोडता येतात. त्या वेळी चारचाकीचे इंजिन बंद ठेवायला सांगावे. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि मध्ये थोडे थांबावे.

किकच्या मुद्द्यावर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

कपाशीवाले भाऊ, आपल्या वडिलांच्या रात्रीबद्दल मी काहीही म्हणणार नाही. तिथे मीही धक्काच मारला असता. पण ती गाडी कार्ब्युरेटरची होती की इंजेक्शनची, एवढे सांगा.

कपाशीवाला, घाटंजी

कार्ब्युरेटरची होती. २०१४ ची.

आपल्याला हेच ऐकायचे होते, म्हणून सांगून टाकले. तरी माझे म्हणणे मी सोडत नाही. ज्याने मला दोन सेन्सर विकले त्याच्यावर विश्वास ठेवा, असे मला कोणी सांगू नये. मिस्त्री भाऊंनी कोड म्हणजे सर्किट हे जसे समजावले, तसे त्या संगणकवाल्याने समजावले असते तर मी चिकटपट्टी लावलीच नसती. आज सकाळी ती मी काढली, दिवा विझलेलाच आहे. शेजाऱ्याचा मीटर आणून बॅटरीही मोजली. ती १२.१ दाखवते. परवा मला वणीला जायचे आहे आणि गाडी बटणाने एका दमात सुरू होते. मग ही बॅटरी वाईट कशी?

मिस्त्री, पांढरकवडा

भाऊ, १२.१ म्हणजे बॅटरी निम्म्याच्या आसपास उतरली आहे. इंजिन गरम असताना ती सुरू करून देईल, वणीत दोन तास उभी राहिल्यावर देईलच असे नाही. आज रात्री ती काढून चार्जिंगला लावा. काढताना आधी काळी तार, बसवताना ती शेवटी. उद्या सकाळी गाडी न चालवता पुन्हा मोजा. १२.६ वर टिकली तर गाडी सुरू करून रेसवर मोजा आणि तो आकडा मला इथे कळवा. तेरा-साडेतेराच्या वर जात नसेल तर वणीला बसने जा, आणि येताना पांढरकवड्याला उतरून मला भेटा. नंतर गाडी घेऊन आलात की टाकीखालची ती जोडलेली वायरही मी एकदा पाहतो, कारण नुसती पिळून टेप लावलेली असेल तर पहिल्या पावसात दिवा परत लागेल.

आरोग्यसेविका, एटापल्ली

प्रवासी भाऊ, मी मल्टिमीटर मागवला आहे. माझ्या गाडीची बॅटरी सीटखाली नसून बाजूच्या झाकणामागे आहे, आणि ते उघडायला कोणता पाना लागतो हे मॅन्युअलमध्ये नाही. झाकणाला एकच स्क्रू आहे आणि त्याचे डोके षटकोनी खाचेचे आहे. कोणता नंबर आणू?